स्वप्रकाशित पुस्तकाच्या परीक्षणासाठी पैसे मोजावेत का?

निळी_शाई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे. आज लिहायला बसले, कारण हा प्रश्न घरात विचारून उपयोग नाही. घरचे माझ्याच बाजूने बोलतात.

गेल्या वर्षी माझी पहिली कादंबरी मी स्वतःच प्रकाशित केली. ई-बुक आणि मागणीनुसार छापील प्रत, दोन्ही. मुखपृष्ठ, मांडणी, मुद्रितशोधन, सगळा खर्च पदरमोड करून. पुस्तक बाहेर आलं आणि पुढे काही घडलंच नाही. ओळखीच्यांनी विकत घेतलं, चौघा-पाचजणांनी "छान लिहिलंस" असा निरोप धाडला. विक्रीच्या पानावरची अभिप्रायाची जागा मात्र कोरीच. मी स्वतः अनोळखी लेखकाचं पुस्तक घेताना आधी तिथेच बघते, त्यामुळे दुसऱ्यांना दोष देता येईना. शेवटी एका परीक्षण-सेवेला पैसे भरले. नाव देत नाही, प्रश्न त्या एका सेवेचा नाही.

नऊ आठवड्यांनी ईमेल आला. रात्री साडेअकराला उघडला, तिथेच उभ्याने वाचला. दुसऱ्या दिवशी त्याची छापील प्रत काढली आणि पेन्सिलीने खुणा करत गेले. एकूण २६४ शब्द. त्यातले १९० कथानक सांगण्यात खर्ची पडलेले. मत म्हणावं असं एवढंच: "लेखिकेची शैली ओघवती आहे. घड्याळदुरुस्तीचे तपशील वाचनीय आहेत. उत्तरार्ध काहीसा रेंगाळतो."

आणि त्या १९० शब्दांतही चूक. कादंबरी दोन बहिणींची आहे आणि त्यांच्या वडिलांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानाची. परीक्षण म्हणतं, धाकटी दुकान विकायला परत येते. माझी धाकटी ते दुकान पुन्हा उघडायला येते. विकायला निघालेली असते ती थोरली. दोनशे चाळीस पानं ज्या ओढाताणीवर उभी आहेत, तीच उलटी झाली. मी चूक कळवली, त्यांनी वाक्य दुरुस्त करून दिलं. पण माझ्या मनातून ते गेलं नाही.

आता दुसरी कादंबरी लिहून झाली आहे. हाताशी पैसे एका मोठ्या खर्चापुरतेच आहेत. मोठ्या नावाचं परीक्षण घ्यावं, की चांगल्या संपादकाकडून हस्तलिखित वाचून घ्यावं? की दोन्ही सोडून जाहिरातीवर खर्च करावा? ज्यांनी पैसे भरलेत, ज्यांनी मुद्दाम भरले नाहीत, सगळ्यांनी लिहा.

---

पानखूण

माझं उत्तर सरळ आहे. पैसे देऊ नका. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हे परीक्षकालाही लागू. पैसे देऊन आणलेल्या मताला मी वाचक म्हणून जाहिरात समजतो, आणि जाहिरात वाचून मी आजवर एकही कादंबरी घेतलेली नाही.

दुसऱ्या कादंबरीबद्दल अभिनंदन!

---

धूळपाटी

+१

आणि यात पैसेवाल्यांचंच फावतं, हे कुणी बोलत नाही. ज्याच्याकडे भरायला आहेत त्याच्या पुस्तकावर मोठ्या मासिकाचं नाव झळकणार. ज्याच्याकडे नाहीत त्याची कविता दसपट चांगली असली तरी तिच्या वाट्याला कोरी जागाच. मी दोन कवितासंग्रह काढले. एकाही परीक्षणासाठी दमडी मोजलेली नाही आणि मोजणारही नाही.

---

जुना_खिळा

निळीताई, मोठा प्रतिसाद देतोय, सवडीने वाचा. मी आयुष्यभर दुसऱ्यांची पुस्तकं छापखान्यात जाण्याच्या लायकीची करत आलो आहे, तेव्हा माझं झुकतं माप संपादनाकडे असणार हे आधीच सांगून टाकतो.

परीक्षणाला पैसे लागतातच. कुणीतरी आठवडाभर पुस्तक घेऊन बसणार, त्याचं पोट आहे. बघायचं ते एवढंच की ते पैसे कुणाच्या खिशातून येतात. 'कर्कस रिव्ह्यूज'चं उदाहरण घ्या. व्हर्जिनिया कर्कस या बाईंनी १९३३ मध्ये ती सेवा सुरू केली. पुस्तकं बाजारात येण्याआधी त्यांच्या प्रती मागवायच्या, वाचायच्या आणि कुठलं पुस्तक किती मागवावं याचा अंदाज पुस्तकविक्रेत्यांना द्यायचा, असं ते काम. वर्गणी विक्रेत्यांची. म्हणजे पैसे मोजणारा होता पुस्तक विकत घेणारा. पुस्तक टुकार असेल तर तसं सांगण्यातच बाईंचा धंदा होता. खोटी स्तुती केली असती तर विक्रेत्याच्या फडताळात माल पडून राहिला असता आणि पुढच्या वर्षी वर्गणी बंद.

आज त्याच संस्थेची स्वप्रकाशित लेखकांसाठी वेगळी खिडकी आहे. तिथे चारशे डॉलरच्या वर शुल्क भरायचं, सात ते नऊ आठवडे थांबायचं, मग साधारण अडीचशे शब्दांचं परीक्षण मिळतं. खाली परीक्षकाचं नाव नसतं. कौतुकाची हमी ते देत नाहीत, आणि हे मी त्यांच्या बाजूचं म्हणून सांगतो. 'फोरवर्ड' या पुस्तक-परीक्षणांच्या मासिकाची 'क्लॅरियन' ही पैसे भरून घ्यायची सेवा याच घाटाची. 'पब्लिशर्स वीकली' हे तर पुस्तकव्यवसायाचं १८७२ पासूनचं साप्ताहिक. त्यांच्या 'बुकलाइफ' या संकेतस्थळावर स्वप्रकाशित लेखकाला पुस्तक परीक्षणासाठी फुकट पाठवता येतं, मात्र निवड होईलच असं नाही. हमखास परीक्षण हवं असेल तर त्यासाठी पैसे भरायची सोय निराळी.

ही सगळी नावं इंग्रजी पुस्तकांच्या बाजारातली आहेत. तरी घाट सगळीकडे हाच, म्हणून तपशिलात सांगितलं.

आता खरी मेख. 'कर्कस'च्या त्या खिडकीवर परीक्षण आवडलं नाही तर ते प्रसिद्ध न करण्याची मुभा लेखकाला असते. नवख्या लेखकाला याने दिलासा वाटतो. मला हीच गोष्ट सगळ्यात जास्त खटकते. परीक्षकाने प्रामाणिकपणे "जमलेलं नाही" असं लिहिलं तरी ते कपाटात जाणार. वाचकासमोर येणार ती फक्त निभावलेली. मग एकेक परीक्षण खरं असलं तरी सगळी मिळून जे चित्र उभं राहतं ते खरं राहत नाही, आणि हे वाचकाला कधी ना कधी उमगतं.

माझ्या मते तुमचे पैसे हस्तलिखितावर खर्च व्हावेत. का, ते उद्या लिहितो. आता डोळे थकले.

---

वेलांटी

खिळेकाका, तुमच्याबद्दल आदर आहे, पण मी दुसऱ्या बाजूची. मी पैसे भरले होते आणि मला पश्चात्ताप नाही.

माझं पुस्तक मुलांसाठीचं, चित्रांचं. मुलं स्वतः पुस्तक विकत घेत नाहीत. घेतात शाळा, वाचनालयं, आईवडील. वाचनालयात पुस्तकं निवडणाऱ्या बाईंकडे मी स्वतः गेले होते. त्यांनी पुस्तक चाळलं, हसून परत दिलं आणि विचारलं, "याचं परीक्षण कुठे आलंय का?" त्यांचंही चुकलं नाही. त्यांच्या टेबलावर पुस्तकांचा ढीग होता आणि प्रत्येक खरेदीचं कारण त्यांना नोंदवहीत लिहावं लागत होतं. मी परीक्षण विकत घेतलं, त्यातलं एक वाक्य आणि खाली परीक्षण कुठलं ते माहितीपत्रकावर छापलं आणि पुन्हा गेले. या वेळी त्यांनी नोंदवहीत काहीतरी लिहिलं आणि प्रती घेतल्या.

त्या वाक्याने पुस्तक चांगलं झालं नाही, ते मला पक्कं माहीत आहे. पण त्याने दार उघडलं. दार उघडायचे पैसे आपण देतच असतो, मुखपृष्ठाला नाही का देत?

धूळपाटी, पैसेवाल्यांचं फावतं हे खरंच. पण बड्या प्रकाशनसंस्था जाहिरातीवर आणि फुकट प्रती वाटण्यावर जो खर्च करतात, त्याला आपण लाच म्हणत नाही. एकट्या माणसाने केला की मात्र तो डाग.

---

धूळपाटी

वेलांटी, तुमचा अनुभव खरा आहे, तो मी नाकारत नाही. पण ते परीक्षण पैसे भरून घेतलेलं आहे हे त्या बाईंना माहीत होतं का?

---

वेलांटी

त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये, म्हणजे तुमचा प्रश्न बरोबर आहे. पुढच्या पुस्तकाच्या वेळी सांगेन.

---

शून्य_मांडणी

चर्चेत दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होतेय, म्हणून नियमांबद्दल थोडं.

विकत घेतलेलं व्यावसायिक परीक्षण आणि विकत घेतलेले तारे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ॲमेझॉनवर पुस्तकाच्या पानावर दोन जागा असतात. 'एडिटोरियल रिव्ह्यूज' या भागात लेखक आपल्या 'ऑथर सेंट्रल' खात्यातून परीक्षणातले उतारे स्वतः टाकतो. पैसे भरून घेतलेल्या व्यावसायिक परीक्षणातले उतारे तिथे चालतात. खाली ग्राहकांचे अभिप्राय असतात, तिथे पैशाचा स्पर्शही चालत नाही. पुस्तकाची फुकट प्रत देऊन "वाटलं तर अभिप्राय लिहा" म्हणता येतं. "अभिप्राय लिहिलाच पाहिजे" किंवा "चांगलाच लिहा" म्हणता येत नाही. घरच्यांचे, जवळच्या मित्रांचे अभिप्रायही बसत नाहीत, सापडले की उडतात. तेव्हा निळी_शाई, नातेवाइकांना तारे द्यायला सांगू नका. मी सांगितलं होतं. एका सकाळी बघतो तर सगळे गायब, आणि त्यांच्याबरोबर एका खऱ्याखुऱ्या वाचकाचाही अभिप्राय गेला. त्याची हळहळ अजून आहे.

तारे विकण्याचा धंदा जुना आहे. अमेरिकेत २०१० मध्ये एकाने संकेतस्थळच काढलं होतं. एक अभिप्राय ९९ डॉलर, वीस ४९९ ला, पन्नास ९९९ ला. ऑगस्ट २०१२ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ते सगळं छापलं. ई-बुकच्या दहा लाख प्रती खपवणारा एक स्वप्रकाशित लेखक त्याचा गिऱ्हाईक होता आणि त्याने तिथून शेकड्यांनी अभिप्राय घेतले होते. त्या बातमीचा फटका बसला प्रामाणिक स्वप्रकाशित लेखकांना. पुढची कितीतरी वर्षं आमच्या प्रत्येक पाच ताऱ्यांकडे लोक संशयाने बघत राहिले. २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांची फसवणूक रोखणारी सरकारी संस्था) खोट्या अभिप्रायांच्या खरेदी-विक्रीवर थेट बंदीचा नियम आणला, तो ऑक्टोबरपासून लागू झाला. अमुकच सूर लावायचा या बोलीवर पैसे देणंही त्यात येतं.

आता विक्रीचं. परीक्षणाने खप वाढतो का? २०१० मध्ये 'मार्केटिंग सायन्स' या संशोधनपत्रिकेत बर्जर, सोरेनसन आणि रासमुसेन यांचा एक अभ्यास आला होता. 'न्यूयॉर्क टाइम्स'मधली परीक्षणं आणि त्या पुस्तकांचा खप त्यांनी ताडून पाहिला. प्रतिकूल परीक्षणाने नावाजलेल्या लेखकांचा खप सुमारे १५ टक्क्यांनी घटला. अनोळखी लेखकांचा मात्र सुमारे ४५ टक्क्यांनी वाढला! लोकांना टीका विसरायला होते, पुस्तकाचं नाव डोक्यात राहतं.

हे वाचून लगेच पैसे भरायला धावू नका. त्यातली परीक्षणं लाखो लोक वाचतात अशा वर्तमानपत्रातली होती. विकत घेतलेलं परीक्षण सेवेच्या संकेतस्थळावर एका कोपऱ्यात पडून राहतं. ते लोकांपर्यंत पोचवण्याचं काम तुमचंच, आणि त्याचे पैसे पुन्हा वेगळे.

---

पानखूण

४५ टक्क्यांची गोष्ट माहीत नव्हती. धन्यवाद. 'नेटगॅली'सारख्या संकेतस्थळांवर वाचकांनी वाचून अभिप्राय द्यावा म्हणून आगाऊ प्रती ठेवतात, तिथेही लेखकाचे पैसे जातात ना? ते चालतं कसं?

---

शून्य_मांडणी

तिथे पैसे जातात ते पुस्तक मांडून ठेवण्याचे. वाचणाऱ्याला त्यातलं काही मिळत नाही, फक्त फुकट वाचायला मिळतं. त्यामुळे तो बिनधास्त लिहितो, कधीकधी फारच बिनधास्त. मला तो व्यवहार स्वच्छ वाटतो.

---

रातवाचक

हा धागा दोन दिवस वाचतोय. लिहू की नको असं चाललं होतं. मी अशा एका सेवेसाठी तीन वर्षं परीक्षणं लिहिली आहेत. आता लिहीत नाही.

पानखूण यांची पोळी-टाळीची म्हण वाचली. लेखकाचे पैसे सेवेकडे जायचे आणि त्यातला लहानसा वाटा माझ्याकडे यायचा. मी स्तुती केली काय, टीका केली काय, मला तेवढेच मिळायचे. त्यामुळे टाळी वाजवायचा दबाव माझ्यावर कधी आला नाही. दबाव असायचा वेळेचा. मिळणाऱ्या पैशाला पुस्तकाच्या पानांनी भागलं की हिशेब असा यायचा की सावकाश वाचणं परवडत नाही. मी प्रत्येक पुस्तक शेवटपर्यंत वाचलं, हे छातीवर हात ठेवून सांगतो. पण कसं वाचलं, तेही सांगतो. पहिली पन्नास पानं नीट, टिपणं काढत. मधली पानं भराभर, पात्रांच्या नावांवर नजर ठेवून. शेवटची तीस पुन्हा नीट. निळीताईंच्या परीक्षणात "उत्तरार्ध काहीसा रेंगाळतो" असं आहे. ते वाक्य मी स्वतः कितीतरी पुस्तकांना लिहिलंय. कधी उत्तरार्ध खरोखर रेंगाळत असे. कधी मी थकलेला असे.

परीक्षणाचा साचाही ठरलेला असायचा. आधी कथानक, मग शैलीवर दोन ओळी, एखादी उणीव, आणि शेवटी एक असं वाक्य जे उचलून मुखपृष्ठावर लावता येईल. त्या शेवटच्या वाक्यासाठीच लेखक पैसे भरतो, हे आम्ही सगळेच जाणून होतो. मी ते वाक्य फार जपून लिहायचो. पुस्तक साधारण असलं तरी त्यातली खरोखर चांगली एक गोष्ट शोधायचो आणि तेवढंच म्हणायचो. खोटं एकदाही लिहिलं नाही. पण पुस्तकाबद्दल मला जे खरोखर सांगायचं असायचं ते त्या साच्यात मावायचं नाही. एका कादंबरीत निवेदक चुकीचा निवडला होता. सगळी गोष्ट मुलाच्या तोंडून यायला हवी होती. लेखकाला हे कुणीतरी छापण्याआधी सांगितलं असतं तर! मी लिहिलं, "निवेदनात थोडी अधिक जवळीक हवी होती." त्यातून त्याला काय कळलं असेल?

निळीताई, एक विचारू? तुमच्या मलपृष्ठावर काय मजकूर आहे? तो जसाच्या तसा इथे टाकाल का? एक शंका आहे.

---

निळी_शाई

रातवाचक, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. इतक्या मोकळेपणाने हे कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं.

मलपृष्ठ असं आहे:

"घड्याळं थांबली तरी वेळ थांबत नाही. वडिलांच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी धाकटी परत येते, त्या जुन्या दुकानाचा एकदाचा सोक्षमोक्ष लावायला. पण बंद दाराआड तिची वाट पाहत असतं एक न सांगितलेलं सत्य, आणि एक बहीण, जिला भूतकाळ विसरायचा आहे."

---

जुना_खिळा

काल अर्धवट सोडलेलं पूर्ण करतो. मलपृष्ठाकडे नंतर येतो, रातवाचकांना काय दिसलं असावं ते मलाही दिसतंय.

स्वप्रकाशित लेखकाने आपल्या पुस्तकाची भलामण करणं ही आजची गोष्ट नाही. अमेरिकी कवी वॉल्ट व्हिटमनने १८५५ मध्ये 'लीव्ह्ज ऑफ ग्रास' हे कवितांचं पुस्तक स्वतःच काढलं. सातशे पंचाण्णव प्रती, त्यातल्या काही पानांचे खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, त्याने स्वतः जुळवले. (माझ्या नावाचं मूळ तेच खिळे, म्हणून हा माणूस मला जवळचा.) आणि मग त्याने काय करावं? स्वतःच्या पुस्तकाची तीन परीक्षणं निनावी लिहून छापवून आणली. इमर्सन या त्या काळच्या नामवंत लेखकाने कौतुकाचं खाजगी पत्र पाठवलं होतं, त्यातलं एक वाक्य पुढच्या वर्षीच्या आवृत्तीच्या कण्यावर सोनेरी अक्षरांत छापलं, तेही न विचारता. इतका मोठा कवी, आणि कोऱ्या जागेची भीती त्यालाही होतीच. धूळपाटी, म्हणून वेलांटीवर रागावू नका. पुस्तक वाऱ्यावर सोडवत नाही कुणाला.

दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. इंग्रज कादंबरीकार व्हर्जिनिया वूल्फने १९३९ मध्ये 'रिव्ह्यूइंग' नावाची एक पुस्तिका लिहिली. ती छापली 'होगार्थ प्रेस'ने, म्हणजे तिनं आणि तिच्या नवऱ्यानं १९१७ मध्ये घरात सुरू केलेल्या छापखान्यानेच. तिचं म्हणणं असं की वर्तमानपत्री परीक्षणाचा ना लेखकाला उपयोग, ना वाचकाला. त्याऐवजी वर्तमानपत्राने पुस्तकातले उतारे छापावेत आणि पसंत असेल तर पुढे तारा, नापसंत असेल तर खंजीर, अशी खूण करून मोकळं व्हावं. तारे! आणि लेखकाने काय करावं? डॉक्टरकडे जातो तसं आपल्या पसंतीच्या समीक्षकाकडे जावं, त्याची फी द्यावी आणि बंद दाराआड त्याच्याकडून आपल्या पुस्तकाची तपासणी करून घ्यावी. तिथे समीक्षकाला वाचकांवर छाप पाडायची नसते आणि लेखकाला अब्रू सांभाळायची नसते. तिचा नवरा लेनर्ड याला हे पटलं नाही. त्याने त्याच पुस्तिकेत शेवटी टीप जोडून आपला विरोध नोंदवला, तिनेही तो छापू दिला.

मला वूल्फबाईंचं हेच पटतं. पैसे देऊन मत घ्यायला हरकत काहीच नाही, उलट द्यावेतच. पण ते मत माझ्यासाठी घ्यावं. रोग्याने डॉक्टरला फी दिली म्हणून निदान खोटं ठरत नाही. पण "प्रकृती उत्तम आहे" असा दाखला गावभर दाखवायला म्हणून फी दिली, तर त्या दाखल्याला किंमत काय? रातवाचकांना जे त्या साच्यात मावलं नाही, निवेदक बदला हे, त्याचेच तर पैसे द्यायला हवेत. आणि ते छापण्याआधी. नंतर कळून नुसती चुटपुट.

संपादक परवडत नसेल तर वाचन-अहवाल मागा. संपूर्ण संपादनापेक्षा खर्च कमी येतो. चार-सहा पानांत तो सांगतो की गोष्ट कुठे ढिली पडते, कुठलं पात्र हरवतं, कुठे तुम्ही वाचकाचा हात सोडला. आणि अहवाल देणाऱ्याला आधी विचारा, "आवडलं नाही तर सांगाल ना?" हो म्हणायला क्षणभर थांबला तर दुसरा शोधा.

---

वेलांटी

खिळेकाका, हे पटलं. तरी माझ्यासारखीचं काय? वाचन-अहवाल वाचनालयाच्या नोंदवहीत लिहिता येत नाही.

---

जुना_खिळा

नाही येत. तुमच्या बाबतीत परीक्षण हा कागद आहे, आणि कागद लागतो तिथे लागतो. फक्त तो कागद विकत घेतलेला आहे हे सांगून द्या. मुलांच्या पुस्तकांचं, अभ्यासाच्या पुस्तकांचं, जिथे खरेदी करणारी समिती बसते तिथलं गणित वेगळं. कादंबरी आणि कविता एकेकटा वाचक घेतो. तिथे कागद दाखवायचा कुणाला?

---

धूळपाटी

वेलांटीताई, परवाच्या माझ्या प्रतिसादाचा सूर जरा चढला होता. तुम्ही "मी सांगितलं नाही" असं सरळ लिहिलंत, ते मला फार मोठं वाटलं.

---

रातवाचक

निळीताई, आता मलपृष्ठ.

परीक्षकाने पुस्तक वाचलंच नाही अशी तुमची शंका असावी. मला वाटतं वाचलं, पण चष्मा घालून वाचलं, आणि तो चष्मा मलपृष्ठाने दिला. आम्ही सगळे आधी मलपृष्ठ वाचायचो. "दुकानाचा एकदाचा सोक्षमोक्ष लावायला" हे वाचलं की डोक्यात काय येतं? विकून टाकायला. 'एकदाचा' आणि 'सोक्षमोक्ष' हे दोन शब्द शेजारी आले की माणूस विटून गेलाय, कटकट संपवायला आलाय, असंच वाटतं. त्यात पुढे थोरलीबद्दल "भूतकाळ विसरायचा आहे" एवढंच. दुकान विकायला ती निघालीय, याचा पत्ता नाही. परीक्षक तेच गृहीत धरून पहिल्या पानावर येतो. मधली पानं भराभर वाचताना जे या समजुतीत बसतं ते लक्षात राहतं, जे बसत नाही ते निसटतं.

चूक त्याचीच. २४० पानं नीट वाचणाऱ्याने ती करायला नको होती. पण तुमच्या विक्रीच्या पानावर येणारा वाचक २४० पानं वाचत नाही. तो हा मजकूरच वाचतो आणि जातो. त्यालाही वाटत असणार की ही दुकान विकायला आलेल्या मुलीची गोष्ट आहे. अशा गोष्टी पुष्कळ आहेत. बंद पडलेलं घड्याळांचं दुकान पुन्हा उघडायला आलेल्या मुलीची गोष्ट मी तरी वाचलेली नाही. मी थांबलो असतो त्या पानावर.

---

पानखूण

खरंय. मी मलपृष्ठ वाचून थोरलीला कुणीतरी दुय्यम पात्र समजलो होतो.

---

शून्य_मांडणी

मलाही विकण्याचीच गोष्ट वाटली होती. आणि "न सांगितलेलं सत्य" काढून टाका. ते प्रत्येक पुस्तकाच्या मागे असतं.

---

निळी_शाई

दोन दिवस इथे आले नाही. तो मजकूर वाचत बसले होते.

ते मलपृष्ठ मी एका संध्याकाळी लिहिलं होतं, सगळ्यात शेवटी, मुखपृष्ठ करणाऱ्याला घाई होती म्हणून. कादंबरीवर चार वर्षं घालवली आणि या चार ओळींवर तासभर. 'सोक्षमोक्ष' लिहिताना माझ्या मनात होतं की धाकटी एकदा काय ते ठरवून टाकायला येते. माझ्या मनात काय होतं ते वाचकाला कसं कळणार? त्या परीक्षकावर मी वर्षभर मनातून चिडून होते. त्याने मला सांगितलंही होतं, फक्त त्याला स्वतःला कळलं नव्हतं की तो काय सांगतोय. मलाही नाही.

दुसऱ्या कादंबरीसाठी वाचन-अहवाल घ्यायचं ठरवलं आहे. हस्तलिखित कालच पाठवलं. खिळेकाका, तुम्ही सांगितलेला प्रश्न मी फोनवर विचारला. पलीकडच्या बाई म्हणाल्या, "आवडलं नाही तर पहिल्या ओळीतच लिहीन." परीक्षणासाठी पैसे या वेळी भरणार नाही. आगाऊ प्रती ठेवायचं बघते आहे.

पहिल्या पुस्तकाचं मलपृष्ठ बदललं. ई-बुकचं आज रात्रीपासून नवीन दिसेल, छापील प्रतीला वेळ लागेल. असं केलंय:

"अकरा वर्षं बंद असलेलं घड्याळदुरुस्तीचं दुकान. थोरलीने ते विकायचं ठरवलं आहे, गिऱ्हाईकही आलं आहे. आणि त्याच आठवड्यात धाकटी परत येते, वडिलांची हत्यारं आणि किल्ली घेऊन, दुकान उघडायला."

'हत्यारं' ठेवू की 'अवजारं'? वडील स्वतः 'हत्यारं' म्हणायचे.

---

जुना_खिळा

हत्यारंच ठेवा. कारागीर तसंच म्हणतात.

---

रातवाचक

हत्यारं. प्रत मागवली आहे. या वेळी सावकाश वाचणार.